नजर आणि तीट

तोंडावर तिला सगळे ताई म्हणत आणि पाठ वळली की चाळणी. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातल्या मनात त्या नावाचा अभिमानच होता. चाळणी म्हणजे पिठातला खडा सुटणार नाही. एवढी दाद भल्याभल्यांना उभ्या जन्मात मिळत नाही.

कंपनी तशी लहान. वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, भिंतीकडे तोंड करून मांडलेली टेबलं, कोपऱ्यात गुरगुरणारं चहाचं यंत्र आणि कपाटाएवढ्या काचेच्या केबिनमध्ये साहेब. रुग्णवाहिका सेवेसाठी सॉफ्टवेअर लिहायचं, हा त्यांचा धंदा. कुणी मदतीला फोन केला, की कुठली गाडी कुठे धाडायची ते हे सॉफ्टवेअर ठरवायचं. आणि त्या खोलीचा एक कडक रिवाज होता. कुणीही लिहिलेला कोड ताईने वाचल्याशिवाय, तिने काढलेल्या हरकती निस्तरल्याशिवाय पुढे जायचा नाही. याला ते रिव्ह्यू म्हणत.

ताईचा रिव्ह्यू म्हणजे रोजचा प्रयोगच. आधी चष्मा पुसून व्हायचा, मग खुर्ची पुढे सरकायची, आणि स्क्रीनवर हरकतींची सरबत्ती सुरू. 'या नावाला काही अर्थ?' 'इथे मोकळी ओळ कशासाठी?' 'हे असं लिहायला कुणी शिकवलं?' ज्याचा कोड, तो हाताच्या अंतरावर पाठमोरा बसलेला असे. पण बोलायचं नाही, सगळं लेखी. त्याचे खांदे एकेका हरकतीला आक्रसत जात. ताईला वाटे, चला, शिकतोय.

दुष्ट नव्हती हो ती. कुणी आजारी पडलं तर न सांगता त्याचं काम अंगावर ओढून घेणारी बाई. पण माया करायची तिची रीतच ती होती: चूक सोडायची नाही.

तिचा नवरा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. जेवताना तो चिडवायचा, "मी निदान शिकणाऱ्याच्या शेजारी बसून ओरडतो. तू मागून चिठ्ठ्या फेकतेस."

"ओरडण्यापेक्षा बरं."

"आणि गाडी खांबाला धडकली म्हणजे?"

"माझ्या हाताखालून जाते ती नाही धडकत."

आणि मग ती धडकली.

एका इमारतीतून पाठोपाठ दोन फोन आले. वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या छातीत कळ आली होती, आणि खाली एक लहान मुलगी जिन्यावरून पडली होती. पत्ता एकच, म्हणून सॉफ्टवेअरने ठरवलं की हा एकच फोन आहे, आणि दुसरा पुसून टाकला. फोन घेणारी बाई सावध होती. तिने दुसरी गाडी स्वतःच सांगून पाठवली, म्हणून दोघंही वाचले. पण सेवेकडून साहेबांना जो फोन आला, त्याचा सूर थंडगार होता.

तो कोड लिहिला होता नवीने. ती कंपनीत नुकतीच लागली होती, अजून पक्कीही झाली नव्हती. म्हणून तिचं नावच नवी पडलं होतं. आणि त्यावर 'ठीक आहे, सोडा' असं लिहिलं होतं ताईने.

साहेबांनी ताईला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. "शुक्रवारच्या बैठकीत मला कारण हवं. पोरीचं काम कच्चं असेल तर तिला निरोप देऊ. आणि तुमच्या नजरेतून सुटलं असेल, तर रिव्ह्यू तुमच्याकडे ठेवायचा का, ते बघावं लागेल."

म्हणजे दोघींपैकी एकीची खुर्ची जाणार, हे स्पष्ट झालं.

ताई जागेवर आली आणि तिने आपलाच जुना रिव्ह्यू उघडला. हरकती भरपूर होत्या. सगळ्यात लांबलचक हरकत एका नावावर होती. फोनच्या यादीला नवीने 'ढमाली' असं काहीतरी निरर्थक नाव दिलं होतं, आणि ताईने त्यावर अख्खा परिच्छेद खर्ची घातला होता. त्याच्याच खाली, पत्ता सारखा दिसला की दोन फोन एक करणाऱ्या त्या ओळी. तिथे एक अक्षर नाही.

ती चहा घ्यायला उठली. यंत्रापाशी गवई उभा होता. दिवसभर गुणगुणतो म्हणून गवई. तो शेजारच्याला सांगत होता, "तीट लावलीस ना? मग दे बिनधास्त पाठवून."

"कसली तीट?" ताईने मागून विचारलं.

गवई दचकून वळला. "काही नाही ताई, भाची झालीय मला, तिला..."

"तुला बहीणच नाही."

"चुलत."

"चुलतही नाही. मागच्या वर्षी तूच रडत होतास, घरात सगळे भाऊच भाऊ म्हणून."

गवई कप घेऊन सटकला. ताईने नवीला जिन्यात गाठलं. पोरगी आधीच अर्धी झालेली.

"मला सरळ सांग. तीट म्हणजे काय?"

नवीने कठडा धरला. "सगळेच लावतात, ताई. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काळा ठिपका लावतात ना, तसं. एक ठळक चूक मुद्दाम ठेवायची. तुमची नजर तिच्यावर बसते, तुम्ही पोटभर बोलता, आणि बाकीचं सुखरूप जातं."

"म्हणजे ती ढमाली..."

"तीट होती."

"माझी दृष्ट लागते तर."

नवी हळूच म्हणाली, "लागते, ताई."

ताईला हसावं की रडावं कळेना. "आणि ते पत्त्याचं? तेही मुद्दाम?"

"नाही हो! ते मला तेव्हाच खटकत होतं. एकाच इमारतीतून दोघांनी फोन केला तर काय, अशी टीपही लिहिली होती मी. पण गवईदादा म्हणाले, शंका लिहू नकोस, चाळणी... म्हणजे तुम्ही... तेवढंच धरून बसाल. म्हणून पुसली."

ताई जिन्यातच खाली बसली. इतकी वर्षं ती ज्या चुका टिपून खूष होत होती, त्या तिच्यासाठीच पेरलेल्या होत्या. नाटक दुसरेच करत होते आणि प्रेक्षक ती एकटी होती. आणि जी चूक खरी होती, ती लिहिणारीला दिसली होती. फक्त सांगायची सोय नव्हती.

घरी तिने नवऱ्याला विचारलं, "मला माणसं घाबरतात का रे?"

"कुठली? घरातली की बाहेरची?" तो म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून त्याने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

शुक्रवारी सगळे साहेबांच्या केबिनबाहेर उभे राहिले. नवीने पर्स खांद्याला अडकवूनच ठेवली होती, जणू तसंच घरी निघायचं आहे.

"बोला ताई," साहेब म्हणाले. "चूक कुणाची?"

"नवीला ती दिसली होती, साहेब. मला दिसली नाही. ती बोलली नाही, कारण इथे शंका काढणाऱ्याची मी पार सालटी काढते. तिला काढायचं म्हणत असाल तर मग इथल्या सगळ्यांनाच काढा. माझं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून प्रत्येकाने मुद्दाम चुका ठेवल्यात."

गवईला खोकल्याची उबळ आली.

"मग करायचं काय?"

"लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याच्या शेजारी बसायचं. कुठे पाय घसरेलसं वाटतं ते आधी तोंडाने सांगायचं, आणि वाचणाऱ्याने पहिल्यांदा तिथेच बघायचं. नावं, मोकळ्या ओळी हे सगळं संगणकालाच तपासू द्या. तशी सोय आहे. मीच बसवू देत नव्हते."

"आणि वाचणार कोण?"

याचं उत्तर तिने घरी घोकून ठेवलं होतं. "आळीपाळीने सगळे. माझाही कोड कुणीतरी वाचायचा."

साहेबांनी थोडा विचार केला. "ठीक. नवी राहील. आणि सुरुवात तुमच्या कोडपासून. वाचेल नवी."

नवीने पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढत ताईच्या टेबलाशी आणली. बाकीचे आपापल्या स्क्रीनकडे बघत होते, निदान तसं दाखवत तरी होते.

"कुठे भीती वाटतेय, ताई?"

"कुठेच नाही."

नवी स्क्रीन न्याहाळत बसून राहिली.

"हे इथे," ताई शेवटी म्हणाली. "पाठवलेली गाडी वाटेत बंद पडली तर काय, ते मी नंतर बघू म्हणून सोडलंय."

नवीने वाचलं. पुन्हा वाचलं. "हे असं मी पुढे सोडणार नाही."

"अगं, असं रोज थोडंच होतं?"

"रोज नाही होत. पण जेव्हा होईल तेव्हा माणूस वाट बघत बसेल."

ताईने वाद घातला. चांगला घसघशीत, मोठ्या आवाजात. नवी तसूभर हलली नाही. गवईने खुर्ची वळवून सरळ ऐकायलाच सुरुवात केली. अखेर ताईने कीबोर्ड पुढे ओढला.

"बरं बाई. मग सांग, गाडी बंद पडली तर पहिली खबर कुणाला जायला हवी?"

नवीने मान हलवली. "मला माहीत नाही."

"मलाही नाही."

दोघी उठल्या आणि रुग्णवाहिका सेवेला फोन लावायला साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.