आप्पांचा उतरलेला निषाद

शिवलिंगआप्पांची आणि माझी पहिली भेट निजामाच्या काळातली, उमरग्याच्या मुलींच्या शाळेतली. हैदराबादच्या कॉन्व्हेंटमधून शिकून आलेली मी तिथे नवी मास्तरीण होते, आणि आप्पा शाळेच्या ऑर्गनचे फाटलेले भाते दुरुस्त करायला आले होते. काम झाल्यावर मी आमच्या चॅपेलमधले एक जुने लॅटिन स्तोत्र वाजवून पाहिले.

"बाई, ह्याला ठेका न्हाय. मग चालतंय कशावर?"

"श्वासावर."

"आमच्या मठातले म्हातारे बी असंच म्हणत्यात," असे म्हणून ते जमिनीवरच बसले आणि मला पुन्हा वाजवायला लावले.

त्या म्हाताऱ्यांच्या शेकडो वर्षांपूर्वीच्या चालींवरून आप्पांनी ऑर्गनसाठी पाच तुकड्यांची रचना बांधली. षड्जाच्या पट्टीत बांबूची काडी खोचून तो सूर अखंड ठेवायचा आणि दोन्ही हात मोकळे करायचे, ही त्यांची रीत. मठातला किंचित खालचा निषाद मात्र दुसऱ्या कुठल्याच ऑर्गनवर सापडत नसे. आप्पांच्या घरच्या ऑर्गनचा निषाद जुना होऊन उतरला होता आणि नेमका तिथे येऊन थांबला होता. पाचवा तुकडा त्या सुरावर उभा होता.

निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या महिन्यांत हल्ल्यांच्या भीतीने लोक सरहद्दीपलीकडे सोलापूरकडे निघाले. वसतिगृहातल्या मुलींसाठी गाडी मिळेना, म्हणून मी फाटकाशी उभी होते. आप्पांची बैलगाडी आली, आत ऑर्गन बांधलेला. मी काही बोलायच्या आत त्यांनी दोर सोडले.

"तुमचा ऑर्गन?" मी विचारले.

"त्यो एका जागी बसून ऱ्हाईल. पोरींना बसवता येत न्हाय."

ऑर्गन शाळेच्या ओसरीत ठेवून आम्ही निघालो. मागे धूळ दिसली की मी मुली पुन्हा मोजत असे. वाटेतले जळकोट गाव मागे पडेपर्यंत आप्पा मुलींना सावकाश श्वास सोडायला शिकवत होते. एकही मुलगी रडली नाही.

राजवट गेल्यावर परतलो तेव्हा ओसरीत आप्पांचा ऑर्गन नव्हता. त्यांनी कोणाला बोल लावला नाही. पुढे शाळेच्या ऑर्गनवर त्यांनी चार तुकडे मला शिकवले. पाचव्याचे नाव काढले की म्हणत, "त्यो सूर इथं न्हाय, बाई."

आता आप्पांच्या सत्कार समितीने मला या गौरव अंकात फक्त गोड लिहायला सांगितले आहे, आणि सत्काराच्या दिवशी त्यांची ही रचना तबल्याच्या साथीने पाच मिनिटांत उरकायचे ठरवले आहे. ठेका नसलेल्या संगीताला तबला! माझा निषेध याच अंकात छापावा.

खरी काळजी वेगळीच आहे. आप्पांची बोटे थरथरतात. गेल्या महिन्यात दुसऱ्या तुकड्यात ते मध्येच थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले. पुढचे सूर मी सांगितले. पाचव्यात थांबले तर सांगणारे कोणी नाही.

म्हणून मी शाळेचा ऑर्गन उघडला आणि निषादाची आतली, सूर देणारी पितळी पट्टी मुळाशी कानशीने खरवडली. थोडी खरवडायची, वाजवायची, पुन्हा थोडी. हल्लीच्या मुख्याध्यापिका रागावल्या आहेत. त्या माझ्याच विद्यार्थिनी, निवळतील. सूर मला आठवतो तिथपर्यंत उतरला आहे. बरोबर उतरला की नाही, हे एकच माणूस सांगू शकतो.

आप्पा, तुम्हांला उदंड आयुष्य लाभो, हात शाबूत राहोत आणि श्वास लांब पुरो. पण शाळेत उद्याच या. ऑर्गनचे झाकण मी उघडे ठेवले आहे. बांबूची काडी तुमच्या खिशात असेलच.