ललितच्या खुर्चीचे मागचे सांधे

मखमलाबादला गोटीरामांचा झेंडूचा मळा होता, पण नोकरी ओझरच्या कारखान्यात, फिटरची. घरातली मोडतोड त्यांनी कधी बाहेर दिली नाही. चार सागवानी खुर्च्या होत्या. खिडकीजवळची मुलाची, ललितची. अभ्यासाला बसला की पुढचे पाय उचलून मागच्या दोन पायांवर झुलायचा. करकर, करकर.

"सांधे ढिले होतात रे!" गोटीराम ओरडायचे आणि रविवारी स्वतःच ते पक्के करत बसायचे.

१९९६ साली बारावीची परीक्षा संपली आणि ललित "नाशकात द्वारका चौकात जाऊन येतो" म्हणून सायकलवर गेला, तो परत आलाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो छापून झाला. सायकलसुद्धा सापडली नाही. त्याची आई भागुबाई आधी रडायची थांबली, मग त्याचं नाव घ्यायचीही थांबली.

दिवाळीत गोटीरामांनी ती खुर्ची सोडवली, जुना गोंद खरवडला, नवा लावला, सुतळीचे वेढे देऊन काडीने पीळ भरला. सांधे घट्ट बसले. उन्हाळ्यात पाहतात तर मागचे दोन्ही पुन्हा हलताहेत. खुर्चीवर तर कोणीच बसत नव्हतं. बाकीच्या तिन्ही रोज वापरात, पण जशाच्या तशा. पुन्हा बसवले, पुन्हा सुटले. अशी वर्षं गेली. सुट्टीच्या दिवशी मळ्यात फुलं तोडताना त्यांना घरातून करकर ऐकू यायची. धावत जावं, तर भागुबाई चुलीपाशी.

"ऐकलंस का?"

"काय?"

त्यांच्या अंगावर काटा यायचा. त्या खिडकीकडे ते पाठ करून जेवू लागले. चुलतभाऊ रावजी म्हणाला, "देऊन टाक कोणाला." पण पोरगं आलं आणि खुर्ची कुठंय म्हणालं तर?

निवृत्तीनंतर एका दुपारी फुलं लवकर खपली आणि गोटीराम अवेळी घरी परतले. ओट्यावर चपला काढतानाच आवाज आला. करकर. त्यांनी आत डोकावलं.

खुर्चीत भागुबाई होती. डोळे मिटलेले, पायांचे अंगठे भिंतीला टेकलेले. मागच्या दोन पायांवर ती हलकेच झुलत होती.

"भागे, पडशील!"

तिने डोळे उघडले नाहीत. "तो कधी पडला का?" ती झुलतच म्हणाली, "असं केलं म्हंजी वाटतं, तो हितं बसलाय आन् मी सैपाकघरात हाय."

गोटीराम मागे जाऊन उभे राहिले आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. "झुल," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी सांधे सोडवले तेव्हा सुतळी ओढून धरायला भागुबाई समोर बसली. पीळ भरत असताना तिने विचारलं, "आज केवढा झाला असता हो?"

"असता नको म्हणू," गोटीराम म्हणाले. "झाला असेल म्हण."

गोंद वाळेपर्यंत दोघं खुर्चीपाशी जमिनीवरच बसून राहिली.