फिलूने राखून ठेवलेला कडा

"उजाडायच्या आत निघायचं, पाणी भरपूर घ्यायचं आणि सपाता घालून आलीस तर गाडीत घेणार नाही," मी बोरिवलीत बॅग भरत होते तेव्हाच फिलूने फोनवर बजावलं.

फिलू म्हणजे फिलोमिना, गोराईची. बोरिवलीतल्या एका हॉस्पिटलात आम्ही बरोबर नोकरी केली. ती नर्स, मी लॅबमध्ये. बारा वर्षांपूर्वी ती रियाधला गेली. त्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर वाळवंट एकाएकी तुटतं आणि शेकडो फुटांचे कडे सुरू होतात. लोक त्याला 'जगाचं टोक' म्हणतात. तिकडे पर्यटकांना व्हिसा मिळू लागला तसा तिने फोन केला होता, "ये गं वसू. दोघी मिळून जाऊ. तोवर मीपण नाही बघणार."

मग करोना आला. नंतर सासूबाईंचं आजारपण, मुलाची बारावी. एका वर्षी तर घराचं रंगकाम काढलं होतं. तेही कारण मी तिला सांगितलं आणि ती म्हणाली, "बरं, पुढच्या वर्षी ये." अशी सहा वर्षं गेली.

शेवटी गेले. रियाधच्या विमानतळावर ती दिसली तेव्हा डावा पाय थोडा ओढत होती. मी विचारलं, तर म्हणाली, "ड्युटी उभ्याची आहे ना, दुखतो कधीकधी."

शुक्रवार तिकडचा सुट्टीचा दिवस. पहाटे बशीरभाई त्यांची उंच जीप घेऊन आले. हे केरळचे, फिलूच्या नेहमीच्या ओळखीचे. तिने डबाभर फुगे (मैद्याचे गोल, तळलेले, गोराईत सणाला करतात ते) घेतले होते. मागच्या सीटवर बसून आम्ही ते खाल्ले आणि जुन्या हॉस्पिटलातल्या मेट्रनची नक्कल करत हसलो. शहर संपलं, डांबरी रस्ताही संपला. मग दगड, पिवळी माती, मधूनच एखादी बाभूळ आणि तिच्या सावलीत उभे उंट.

अर्ध्या वाटेत टायर पंक्चर झाला. बशीरभाई जॅक लावत असताना जवळच गालिचा अंथरून बसलेल्या एका कुटुंबातल्या म्हातारीने आम्हाला हाक मारली. तिने छोट्या कपांतून गहवा (वेलची घातलेली पातळ कॉफी) दिला, खजूर दिले. फिलू तिच्याशी भराभर अरबी बोलत होती. इतक्या वर्षांत ती असंही काही शिकली असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"काय विचारते गं ती?"

"तू माझी बहीण का, म्हणून."

"मग?"

"हो म्हटलं. आणि काय सांगणार?"

गाडी थांबते तिथून कड्यापर्यंत पायवाट आहे. अरुंद, चढाची, सुट्या दगडांची. फिलू वीसेक पावलं चालली आणि एका खडकावर बसली. तिने पँट वर केली. गुडघा टम्म सुजला होता.

"बदलावा लागणार म्हणतात डॉक्टर," ती म्हणाली. "आधी सांगितलं असतं, तर तू परत कॅन्सल केलं असतंस."

"मी बसते तुझ्याजवळ."

"नाटक नको, वसू. इतक्या लांबून आलीस. जा."

मी गेले. खरं सांगायचं तर फारसा आग्रह करावा लागला नाही.

वर पोचले आणि पायाखालची जमीन संपली. दोन्ही बाजूंना कड्यांची रांग आणि समोर, खूप खाली, सपाट मोकळं रान. झाड नाही, घर नाही. वारा असा की ओढणी दोन्ही हातांनी धरावी लागली. मी तिथे तासभर बसले. खाली फिलू खडकावर बसली आहे हे आठवत होतं, तरी उठवेना.

खाली आले तेव्हा ती बशीरभाईंच्या फोल्डिंगच्या खुर्चीत बसली होती. "कसं होतं?"

तिला वाईट वाटू नये म्हणून मी म्हटलं, "ठीक होतं गं. लोक बोलतात तेवढं काही नाही."

तिचा चेहरा उतरला. मग ती चिडली.

"सहा वर्षं थांबले मी त्याच्यासाठी. तू आल्याशिवाय बघायचं नाही म्हणून मैत्रिणींबरोबर गेले नाही. आणि तू मला ठीक होतं सांगतेस?"

मला रडू आलं. तिच्या पायाशी मातीत बसून मी सगळं सांगितलं: ओहोटीला गोराईच्या खाडीत चिखलावर ओहोळ उमटतात, तसे खालच्या रानात सुकलेल्या नद्यांचे माग, कधीकाळी तिथे समुद्र होता त्याचे दगडातून वर आलेले शिंपले, भीती आणि तरी मागे सरकावंसं न वाटणं. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "थांब. शिंपले परत सांग." मी परत सांगितलं.

परतीच्या वाटेवर ती माझ्या खांद्यावर झोपली.

आता फिलू नोकरी सोडून गोराईला आली आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, काठी घेऊन फिरते. मी फेरीबोटीने खाडी ओलांडून तिच्याकडे जाते. परवा शेजारणी बसल्या होत्या. त्यांना ती कडा सांगत होती. वारा, खोली, सगळं. "आम्ही दोघी गेलेलो ना," म्हणाली. एकीने मला विचारलं, "खरंच एवढं भारी आहे?" मी मान हलवली.

पहिल्यांदा तिने बोलावलं, तेव्हा फिलू तिकडच्या हॉस्पिटलात रोज चार मजले जिन्याने चढायची. लिफ्टची वाट बघायला वेळ कुणाला आहे, म्हणायची.