मार्गारेटबाईंचं फडकं

लेकीकडे इंग्लंडला होते. जानेवारी सरताना शेजारच्या मार्गारेटबाई कुंपणाला पांढरं फडकं बांधताना दिसल्या. मला करणीचाच संशय आला. लेकीला सोबत घेऊन मी विचारायला गेले.

"आज ब्रिजिड देवी दारावरून जाते, वसंत घेऊन. तिचा हात लागला की फडकं दुखण्याखुपण्यावर चालतं. फार जुना सण आहे," त्या म्हणाल्या.

"तुमच्या आईही बांधायच्या?" मला खरं वाटेना.

त्या अजून गाठीशीच झटत होत्या. "नाही. नवरा गेल्यावर मी पुस्तकात वाचून सुरू केलं. तो हिवाळा संपेल असं वाटतच नव्हतं."

सगळेच जुने सण कधीतरी असे कुणा एकटीनं सुरू केले असतील का? देवीवर माझा विश्वास बसला नाही. पण त्यांची बोटं गारठली होती, म्हणून गाठ मी मारली.