बालमंदिरातला हौदा

"बागवाले, तुमची माती आजच्या आज भरून न्या. हितं फरशी बसणार हाय."

आप्पासाहेबांनी बालमंदिराच्या फाटकातूनच सांगितले. त्यांच्यामागे शहाबादी फरश्यांनी भरलेली बैलगाडी उभी होती आणि गवंडी टेप उलगडत होता. मालतीबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षे झाली असतील. मी कोल्हापुरात बागा आखून द्यायचा धंदा करत होतो. बंगलेवाल्यांना गुलाबाचे वाफे आणि मेंदीचे कुंपण हवे असायचे. त्या कामाला डोके लागत नाही, सुतळी लागते. मालतीबाईंचे बालमंदिर हे पहिलेच वेगळे गिऱ्हाईक. त्या तिथल्या मुख्य बाई. मुले तीन ते सहा वर्षांची.

"मुलांना सगळीकडे हात लावता येईल अशी बाग करता का?" त्यांनी विचारले.

"बाई, माझ्या प्रत्येक बागेत 'फुलांना हात लावू नये' अशी पाटी असते."

"तेवढी पाटी सोडून बाकीचं करा."

झाले. मागच्या आवारात एक पेरू होता. त्याच्या खालच्या फांद्या मी मुद्दाम छाटल्या नाहीत. शोभेला त्या वाईट, पण चढायला त्याच कामाच्या. नळाच्या कट्ट्यापासून एक पन्हळ काढली. पाणी आपोआप पुढे जावे म्हणून जमिनीला अगदी थोडा उतार द्यावा लागतो. आम्ही त्याला लेव्हल काढणे म्हणतो. त्या पाण्यात मुले पाने सोडत आणि कुणाचे पान पुढे जाते त्यावर भांडत. मातीचा एक उंचवटा केला, घरंगळायला. घरंगळून पडणार तिथे मात्र मऊ जागा हवी होती. आमची काळी माती पावसात चिकटते आणि उन्हात दगड होते. म्हणून तिथे खड्डा खणला, आणि त्यात भरायला मला तांबडी हवी होती.

मागच्याच गल्लीत तालीम होती. मी वस्तादांना गाठले.

"लहान मुलांसाठी थोडी माती मिळेल का?"

"पोरांसाठी व्हय? मग इचारताय काय! जावा निवांत. आमी टाकतो की."

मी खरेच निवांत गेलो. राधानगरीकडे एक काम होते, ते उरकून आलो तर खड्ड्याचा हौदा झाला होता. हौदा म्हणजे कुस्तीचा आखाडा. वस्तादांनी पठ्ठे आणून माती चाळली होती. तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू आणि काव, म्हणजे तांबडा गेरू, घालून ती मळली होती. कडेला नारळाची करवंटीही पडली होती.

"अहो, मला नुसती माती हवी होती!"

"नुसती माती?" वस्ताद माझ्यावरच डाफरले. "पोरं काय भांडी घासणार हैत?"

वर त्यांनी मुलांना रीतही शिकवली होती. हौद्याबाहेर पायताण काढायचे, चिमूटभर माती कपाळाला लावायची, मग उतरायचे. मुलांना खेळापेक्षा ही रीतच जास्त आवडली. मालतीबाई तर हसून बेजार.

हसू फार टिकले नाही. साधी माती झटकली की जाते. तेल-हळद-काव कापडात मुरते. पांढरे सदरे घालून आलेली मुले भगवी होऊन घरी जाऊ लागली. परटांनी हात टेकले. आया येऊन विचारू लागल्या, "बाई, पोरगं बालमंदिरात घातलंय का तालमीत?" आणि मग सगळ्याजणी गेल्या बालमंदिराच्या चेअरमनकडे.

चेअरमन म्हणजे हेच, फरशी घेऊन आलेले आप्पासाहेब. गुळाचे मोठे अडते. पांढरेशुभ्र धोतर, वर कोट, आणि फेट्याखाली दोन्ही कान मोडलेले, फुगलेले. आमच्याकडे असा कान दिसला की ओळखायचे, गडी तरुणपणी मातीत घुसळून निघालाय. मला ते कान पहिल्या दिवसापासून दिसत होते. पण त्यांचा काही उपयोग असेल हे सुचले नाही.

"फरशी पडली तर मी काम सोडते," फरशीच्या गाडीकडे बघत मालतीबाई हळूच म्हणाल्या. "मुलांना नुसतं बसवून ठेवायला मी आले नाही."

मला फार वाईट वाटले. त्या बोलल्याप्रमाणे करणाऱ्या बाई होत्या.

तोवर आप्पासाहेब माप घ्यायला आत शिरले होते. चपला करकरवत ते थेट हौद्याकडे निघाले. एक पाय आत पडणार, इतक्यात आतून आवाज आला.

"ओ पावणं! पायताण काढा की!"

चार वर्षांची सुमी. कंबरेवर हात, नाकापर्यंत माती.

आप्पासाहेबांचा पाय अधांतरी. त्यांनी तो मागे घेतला आणि मुकाट्याने चपला काढल्या.

"कुणी शिकवलं गं?"

"वस्तादांनी. आदी कपाळाला लावा."

आप्पासाहेब वाकले. चिमूटभर माती घेतली, बोटांत चुरली, नाकाशी धरली. बराच वेळ हुंगत राहिले.

"हळद कमी पडली," ते म्हणाले. मग माती कपाळाला लावली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

गवंडी टेप घेऊन पुढे आला. "मालक, किती फूट धरू?"

"हौद्यावर फरशी घालतोस व्हय रं? लाज न्हाय वाटत?"

बिचारा गवंडी माझ्याकडे बघू लागला. फरशी परत नेणे आप्पासाहेबांच्या स्वभावात नव्हते. ती नळापाशी बसली, मुलांचे हातपाय धुवायला. तिथेही मी उतार दिलाच. तक्रार घेऊन आलेल्या आयांना आप्पासाहेबांनी एकच सांगितले, "जुनेरी कापडं घाला. आन् पोरगं माती लावून आलं तर वरडू नगा, दृष्ट काढा." मालतीबाई पुढे निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या.

मी त्यानंतर पुष्कळ बागा आखल्या. जमिनीची लेव्हल अजूनही काढतो. पण त्याआधी मालकाचे कान बघून घेतो.