नाजिशचे शेणकिडे

आमच्या मोताळ्यात कोणी पीएच.डी. करतंय म्हटलं की लोक आधी अदबीने बघतात आणि मग विषय विचारतात. नाजिशच्या बाबतीत विषय कळला की अदब संपायची. ती शेणकिड्यांवर संशोधन करते. शेणाच्या गोळ्या करून त्या जमिनीत पुरणारे जे काळे किडे असतात ना, ते. तिचे वडील शकूरभाई मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतात. गिऱ्हाइकाला सांगायचे, "पोरगी डॉक्टर होऊन राह्यली, पन ताप आला तं तिच्याकडं नोका जाऊ." सांगताना छाती मात्र चांगली फुगलेली असायची.

प्रयोगासाठी तिला शेत हवं होतं, ते माझं मिळालं. मी नाहीच म्हणणार होतो, पण ही पोरगी समोर उभी राहिली की नाही म्हणायला जीभ वळत नाही. दसऱ्याच्या सुमारास पाऊस उघडला की ती संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सारख्या वजनाचे शेणाचे पो मांडायची. प्रत्येकात लाल दोरा बांधलेली काडी खोचायची आणि सकाळी येऊन किती उरलं ते तोलायची. किडे किती शेण जमिनीत नेतात, हे तिला मोजायचं होतं.

गेल्या वर्षी तर काही उरेचना. रोज सकाळी धुरा लख्ख. काड्यासुद्धा गायब! "काका, काडीसकट पुरून राह्यले!" असं म्हणत ती नुसती नाचायची बाकी होती. विद्यापीठातल्या तिच्या मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या, सेमिनार ठरला. तो पार पडला की प्रबंध, आणि प्रबंध झाला की जवळच्या एका कॉलेजातली नोकरी. त्या जागेची जाहिरातही आलेली होती.

सेमिनारच्या आदल्या आठवड्यात ती गोठ्यामागे बादली धुवायला गेली ती परतेचना. जाऊन बघतो तर भिंतीवर रुखमाबाईने गोवऱ्या थापलेल्या, आणि त्यांतून लाल दोऱ्याच्या काड्या डोकावतायत. रुखमाबाई माझ्याकडची जुनी कामकरीण. पाऊस उघडला की ती भल्या पहाटे शेण वेचते, आणि हात असा साफ की मागे डाग राहत नाही. प्रयोगाचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"इतकं बेस मांडून ठेवलेलं शेन कोन सोडन?" रुखमाबाई म्हणाली. "मले वाटलं, नजर लागू नाही म्हनून काड्या खोचल्या. तं मी त्या काढल्या नाही."

नाजिश आधी पोट धरून हसली आणि मग तिथेच बसून रडली. मी तिला व्यवहाराचं सांगितलं. "कोनाले समजते? मॅडम काय गोवऱ्या पाहाले येते का? आकडे मांड अन् मोकळी हो."

ती नाक पुसत म्हणाली, "काका, मले समजते ना."

मला रागच आला. एवढं सरळ वागून कोणाचं भलं झालंय?

तिने सेमिनारमध्ये सगळं सांगून टाकलं. हॉलमध्ये हशा पिकला म्हणे. मग आकडे बाद झाले, साल गेलं, आणि कॉलेजातल्या त्या जागेवर दुसरंच कोणी लागलं. शकूरभाईंचे विनोद बंद झाले. रुखमाबाईला तर इतकं लागलं की ती धुऱ्याकडे फिरकेना. नाजिशच तिच्या घरी जाऊन म्हणाली, "मावशी, तुले सांगाचं मीच भुलली." तेव्हा कुठे बाई कामावर आली.

यंदा दसऱ्याला पुन्हा पो मांडले. सकाळी गेलो तर सगळे जागच्या जागी, एखाद्याची कड तेवढी खाल्लेली. दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तेच. रुखमाबाई लांबूनच म्हणाली, "औंदा किडे आळशी निंगाले का वं, नाजिश?"

नाजिश मातीत फतकल मारून बसली होती. तिच्यापुढे एक किडा बोराएवढी गोळी मागच्या पायांनी ढकलत होता. पडायचा, उठायचा, पुन्हा ढकलायचा. शेवटी गोळीसकट मातीत गेला.

"पोरी," मी म्हणालो, "एवढ्याशा गोळीपायी तुहं साल गेलं."

तिने वर पाहिलं. डोळे भरलेले आणि चेहरा हसरा.

"हाव काका. पन हे त्यानंच नेलं."