आबांच्या डब्यातलं पान

आमच्या आबांच्या केळीच्या कंदाला चोपड्याच्या पट्ट्यात तोड नव्हती. लेक आहे म्हणून सांगत नाही, शेजारीण असते तरी हेच सांगितलं असतं. लेकीच्या सासरी साडीचोळी कोणीही पाठवतं, आबा कंद पाठवायचे. त्या उन्हाळ्यात यावलला ताईच्या सासरी नवी बाग लागणार होती. ट्रॉली भरली होती, हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता.

मी धुळ्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते, सुट्टीला घरी आले होते. बागेत विहिरीजवळ दोन ताजे खड्डे दिसले. सालदार गडी म्हणाला, "दोन झाडांना हरण्या आला होता. आबांनी उपटून जाळली." हरण्या म्हणजे पानांवर पिवळे पट्टे पाडणारा विषाणूचा रोग. मी तशीच धावत जाऊन म्हटलं, "आबा, ट्रॉली थांबवा! बाकीच्या झाडांतही शिरला असेल."

आबांनी एक कंद कापून माझ्या नाकासमोर धरला. "खोबरासारखा पांढरा शे. तुले याम्हा काय दिसस?"

"दिसत नाही, तेच तर दुखणं आहे!" मीही त्यांचीच लेक. "चांगल्या कंदाच्या पोटात बसूनच तो जातो. ताईची बाग गेली तर सासरचे टोमणे ती खाईल, तुम्ही नाही."

पूजा झालेली ट्रॉली रिकामी करायची म्हणजे केवढा अपशकुन! आईनं तोंडाला पदर लावला. आबा लालबुंद झाले, पण ट्रॉली रिकामी केली. त्यातले चार कंद परीक्षेसाठी अंगणात लावले आणि मी धुळ्याला निघाले तेव्हा त्यांना पाणी घालत पाठमोरे उभे राहिले. माझं चुकलं असेल तर? बापाची अब्रू मी चारचौघांत उगाच घालवली, या विचारानं मला घास गोड लागेना.

पुढे कित्येक वर्षांनी, मीच शिकवायला लागल्यावर वाचलं, की काही विषाणू पेशीच्याच पडद्याच्या बारीक पुडीत बसून शेजारच्या पेशीत जातात. शेजारणीला वाटतं, घरचाच आहेर आला. वाचता वाचता मला ती हळदकुंकवाची ट्रॉलीच दिसली.

पण ते पुढचं. त्याच वर्षी श्रावणात आबा एस.टी.नं थेट माझ्या कॉलेजात आले. हातात फडक्यात घट्ट बांधलेला डबा. भरीत आलं म्हणून मैत्रिणी धावल्या. आत केळीचं कोवळं पान होतं, पिवळ्या पट्ट्यांचं.

"आंगणम्हातला कंदना शे. डबा वाटम्हा कोठेच उघाडा नही," आबा म्हणाले.

आमच्या सरांनी पान पाहिलं आणि मान हलवली. हरण्याच होता. मला रडूच फुटलं. "आबा, आपली बाग?"

"मी बठ्ठा, सारा बाग उपटी टाका. पन यावलले एक बी कंद गया नही."

मग दाराशी उभ्या शिपायाकडे वळले. त्यानं बिचाऱ्यानं काही विचारलंही नव्हतं. आबांनी डबा त्याच्यापुढे धरला आणि छाती काढून म्हणाले, "मनी पोरनी पहिलेच सांगेल व्हतं!"